आकडे बोलके करणारे संवादी आलेख

महाराष्ट्रात शून्य ते सहा या वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ साली ९४६ होती. २००१ च्या जनगणनेत ती ९१३ झाली आणि २०११ च्या जनगणनेत ८९४ वर आली. अहवालांतून व भाषणांतून हे तीन आकडे अनेकदा उद्धृत होतात. ते खरे आहेत आणि ‘प्रमाण घसरले’ हा त्यांवरून निघणारा निष्कर्षही राज्यापुरता खरा आहे. परंतु तो कोल्हापूरविषयी खरा नाही. त्या जिल्ह्यात हे प्रमाण २००१ मध्ये ८३९ होते, ते २०११ मध्ये ८६३ झाले. सांगलीत ते ८५१ वरून ८६७ वर गेले. त्याच दहा वर्षांत बीड जिल्ह्यात मात्र ते ८९४ वरून ८०७ पर्यंत कोसळले. गडचिरोलीत ९६६ चे ९६१ झाले, म्हणजे जवळजवळ जेथल्या तेथे राहिले.

राज्याची सरासरी यांपैकी एकाही जिल्ह्याची कथा सांगत नाही. २००१ साली बीडपेक्षा कोल्हापूरची स्थिती कितीतरी चिंताजनक होती. दहा वर्षांनी ती उलट झाली. जनगणनेच्या कोष्टकांत हे सर्व छापलेले आहे, कोणी दडवून ठेवलेले नाही. तरीही पस्तीस जिल्ह्यांच्या पस्तीस ओळी आणि प्रत्येक ओळीत दोन आकडे अशा कोष्टकापुढे बसलेला सभासद बहुधा आपल्या जिल्ह्याची ओळ शोधतो, ती वाचतो आणि पान उलटतो. शेजारच्या जिल्ह्याशी तुलना करावी, कोणते जिल्हे सुधारले व कोणते घसरले हे एका नजरेत पाहावे, ही सोय कोष्टकात नसते. छापील आलेखात ती काही अंशी असते. पण पस्तीस नावे एका चित्रात लिहू गेल्यास अक्षरांची इतकी दाटी होते की चित्र वाचण्याऐवजी उलगडत बसावे लागते.

ही अडचण दूर करणारे एक साधन आता सर्वांच्या आटोक्यात आले आहे. संगणकाच्या किंवा मोबाइलच्या ब्राउझरमध्ये उघडणारा आणि पाहणाऱ्याने विचारल्यावर उत्तर देणारा आलेख, असे त्याचे वर्णन करता येईल. ठिपक्यावर माउसचा बाण नेला की त्या जिल्ह्याचे नाव व आकडे चौकटीत दिसतात. दाटीचा भाग मोठा करून पाहता येतो, नको असलेल्या रेषा तात्पुरत्या दूर करता येतात. अशा आलेखाला संवादी आलेख म्हणावयास हरकत नाही. पायथन या संगणकीय भाषेच्या साहाय्याने तो तयार करणे, संगणकाचे विशेष शिक्षण न घेतलेल्या परंतु कोष्टकांशी परिचय असलेल्या शिक्षकाला किंवा कार्यालयीन कर्मचाऱ्याला थोड्या सरावाने जमण्याजोगे आहे.

कागदावरून पडद्यावर

आलेख ही कल्पना जुनी आहे. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश लेखकाने १७८६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात इंग्लंडच्या व्यापाराची आकडेवारी रेषांनी दाखविली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ मध्ये क्रिमियाच्या युद्धातील सैनिकांच्या मृत्यूंची कारणे वर्तुळाकार आलेखाने मांडली आणि जखमांपेक्षा रोगराईनेच अधिक सैनिक दगावले हे राज्यकर्त्यांच्या नजरेस आणले. पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ आलेखाचे स्वरूप मूलतः हेच राहिले. काय दाखवावयाचे हे आलेख काढणाराच ठरवी, आणि वाचकाच्या हाती पाहण्यापलीकडे काही नसे.

पायथन ही भाषा नेदरलँड्समधील गिडो व्हान रॉसम यांनी तयार केली व ती १९९१ मध्ये प्रथम उपलब्ध झाली. तिचे नाव सापावरून नव्हे, तर ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील एका विनोदी कार्यक्रमावरून पडले आहे. वापरण्यास ती विनामूल्य आहे. या भाषेत इतरांनी लिहून ठेवलेल्या तयार आज्ञावलींचे संच मिळतात. त्यांना लायब्ररी म्हणतात. कोष्टके वाचण्यासाठी व त्यांची जुळवाजुळव करण्यासाठी पांडाज ही लायब्ररी सर्वत्र वापरली जाते. ब्राउझरसाठी संवादी आलेख तयार करणाऱ्या लायब्ररींत बोके, प्लॉटली व अल्टेअर ही नावे प्रमुख आहेत. तिघींचीही फळे थोड्याफार फरकाने सारखीच असल्याने येथे बोकेचा विचार केला आहे. हे नाव ऐकून मराठी वाचकाला मांजराची आठवण झाल्यास नवल नाही. मूळ शब्द मात्र जपानी असून छायाचित्रात पार्श्वभूमीला येणाऱ्या सौम्य अस्पष्टतेसाठी तो वापरतात.

ब्राउझरमध्ये काय घडते?

नवशिक्याचा एक गैरसमज आरंभीच दूर झालेला बरा. आलेख पायथन काढीत नाही. कोणत्या अक्षावर काय, कोणत्या रंगाचे ठिपके, बाण नेल्यावर कोणती माहिती द्यावयाची, एवढे वर्णन पायथन तयार करते आणि ते आकड्यांसह एका फाइलमध्ये लिहून ठेवते. ही फाइल म्हणजे साधे वेबपान असते. ती उघडली की ब्राउझरला अवगत असलेल्या जावास्क्रिप्ट या भाषेतील बोकेचाच दुसरा भाग ते वर्णन वाचतो व प्रत्यक्ष चित्र काढतो. ज्यांना आलेख पाहावयाचा आहे त्यांच्या संगणकावर पायथन असण्याची मुळीच गरज नसते. फाइल पेन ड्राइव्हवर घालून न्यावी आणि ग्रामपंचायतीच्या संगणकावर उघडावी, इतके ते सोपे आहे.

यात एक मेख मात्र आहे. जावास्क्रिप्टचा तो भाग फाइलमध्येच समाविष्ट करता येतो किंवा पाहतेवेळी इंटरनेटवरून आणविता येतो. बोकेमध्ये फाइल साठविताना दुसरा मार्ग आपोआप स्वीकारला जातो. त्यामुळे कार्यालयात उत्तम दिसणारा आलेख, जाळे न पोहोचणाऱ्या गावातील सभेत उघडला असता कोरे पान दाखवितो. फाइल साठवितानाच ‘इनलाइन’ हा पर्याय सांगितला की सर्व काही फाइलमध्ये येते. फाइल काहीशी जड होते, पण इंटरनेटशिवाय चालते. ग्रामसभेसाठी न्यावयाचा आलेख याच प्रकारे साठवावा आणि निघण्यापूर्वी संगणकाचे इंटरनेट बंद करून एकदा उघडून पाहावा.

कोष्टकाची पूर्वतयारी

नवशिक्याचा बहुतेक वेळ आलेख काढण्यात न जाता कोष्टक नीट करण्यात जातो, हे सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. आपली कोष्टके माणसांनी वाचावी म्हणून तयार झालेली असतात. त्यांत वर तीन ओळींचे शीर्षक असते, मध्येच महसूल विभागाची बेरीज असते, तळाशी टीप असते. संगणकाला यांतले काहीच नको असते. पहिल्या ओळीत स्तंभांची नावे आणि पुढील प्रत्येक ओळीत एक जिल्हा, एवढेच त्याला हवे. विभागांच्या बेरजा तशाच राहिल्या, तर ‘पुणे विभाग’ हा छत्तिसावा जिल्हा म्हणून आलेखात ऐटीत जाऊन बसतो.

आकड्यांच्या लेखनाचीही काळजी घ्यावी लागते. ११,२३,७४,३३३ ही २०११ ची राज्याची लोकसंख्या आपण स्वल्पविराम देऊन लिहितो. आधारफाइलमध्ये ते स्वल्पविराम काढावेत, कारण साध्या कोष्टक-फाइलीत स्वल्पविराम हीच दोन स्तंभांमधील भिंत असते. देवनागरी अंकांबाबत एक गंमत आहे. पायथनला स्वतःला देवनागरी अंक समजतात, परंतु पांडाज कोष्टक वाचताना त्यांना संख्या न मानता अक्षरे मानते. म्हणून आधारफाइलमध्ये आंतरराष्ट्रीय अंक ठेवावेत. स्तंभांची शीर्षके रोमन अक्षरांत व एका शब्दाची असावीत. वाचकाला दिसणारी नावे आणि मथळे मात्र खुशाल मराठीत द्यावेत, ब्राउझर ते व्यवस्थित दाखवितो. एक्सेलमधून फाइल साठविताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा प्रकार निवडावा, अन्यथा जिल्ह्यांच्या मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग लागते.

दोन वेगवेगळी कोष्टके जोडावयाची असतील तर नावांवर विसंबू नये. २०११ च्या जनगणनेत औरंगाबाद व उस्मानाबाद अशी नावे आहेत. आजच्या कोष्टकांत छत्रपती संभाजीनगर व धाराशिव आहेत. अहमदनगरचे अहिल्यानगर झाले आहे. माणसाला हे ठाऊक असते, संगणकाला नसते. तो त्या ओळी न जुळणाऱ्या म्हणून सोडून देतो आणि पुष्कळदा तसे सांगतही नाही. जनगणनेतील सांकेतिक क्रमांकांच्या आधारे जोडणी केल्यास हा घोटाळा टळतो. त्यातही त्या त्या जनगणनेचे क्रमांक एकमेकांशी पडताळून घ्यावेत. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. त्यामुळे २०११ चा ठाणे जिल्हा आणि आजचा ठाणे जिल्हा यांची सरळ तुलना होऊ शकत नाही. २००१ व २०११ या दोन्ही वेळी राज्यात पस्तीसच जिल्हे होते, म्हणून आपल्या उदाहरणात ही अडचण उद्भवत नाही.

कोरी जागा व शून्य यांतील भेद सर्वांत महत्त्वाचा. एखाद्या गावाची माहिती आली नाही म्हणून तेथे शून्य लिहिण्याची सवय अनेक ठिकाणी आढळते. जागा कोरी ठेवल्यास बोके तेथे ठिपका काढत नाही. शून्य लिहिल्यास त्या गावात एकही मूल लसीकरण झालेले नाही असा आलेख तयार होतो आणि त्याचा जाब ग्रामसेविकेला द्यावा लागतो.

आकडे कोठून घेतले याचीही नोंद आलेखावर असावी. बीडचा २०११ चा आकडा काही लेखांत ८०१ आढळतो. तो चुकीचा छापलेला नसून जनगणनेच्या प्राथमिक निष्कर्षांतील आहे. अंतिम आकडा ८०७ आहे. एका आलेखात काही जिल्ह्यांचे प्राथमिक व काहींचे अंतिम आकडे मिसळले, तर सुधारणा व घसरण दोन्ही खोटी दिसू शकतात.

पहिला आलेख

पायथन तिच्या अधिकृत संकेतस्थळावरून घेता येते. त्यानंतर बोके व पांडाज या लायब्ररी ‘पिप’ नावाच्या साधनाने एकेका आज्ञेने बसविता येतात. कार्यालयीन संगणकावर नवे काही बसविण्याची मुभा नसल्यास गूगल कोलॅबसारख्या सेवेत ब्राउझरमध्येच पायथनच्या आज्ञा लिहिता येतात. जनगणनेसारखी प्रसिद्ध झालेली माहिती तेथे ठेवण्यास हरकत नाही. कार्यालयाची अंतर्गत माहिती मात्र अशा बाहेरच्या सेवेवर चढवू नये.

आपल्या उदाहरणासाठी कोष्टकात तीन स्तंभ पुरेत : जिल्हा, २००१ चे प्रमाण, २०११ चे प्रमाण. आज्ञावली दहा-पंधरा ओळींहून मोठी होत नाही. प्रथम पांडाजला कोष्टक वाचावयास सांगावयाचे. नंतर ते बोकेच्या ‘कॉलम डेटा सोर्स’ या रचनेत घालावयाचे; आलेखाचा प्रत्येक भाग याच कोठारातून आकडे उचलतो. पुढे ‘फिगर’ या आज्ञेने कोरा आलेख मांडावयाचा, त्याला मथळा व अक्षांची नावे द्यावयाची. मग ‘स्कॅटर’ ही आज्ञा प्रत्येक जिल्ह्यासाठी एक ठिपका काढते. आडव्या अक्षावर २००१ चा आकडा, उभ्या अक्षावर २०११ चा. त्यानंतर ‘हॉव्हर टूल’ जोडावयाचे आणि चौकटीत काय दिसावे ते सांगावयाचे. यासाठी स्तंभाच्या नावामागे @ हे चिन्ह लावतात. शेवटी ‘सेव्ह’.

यात एका तिरप्या रेषेची भर घालावी. दोन्ही अक्षांची पट्टी सारखीच, समजा ७८० ते १,०००, ठेवून डाव्या खालच्या कोपऱ्यातून उजव्या वरच्या कोपऱ्याकडे रेषा काढली, की आलेख एकदम बोलू लागतो. रेषेवरचा ठिपका म्हणजे दहा वर्षांत काही बदल नाही. रेषेच्या वर असलेले जिल्हे सुधारले, खाली असलेले घसरले. आणि ठिपका रेषेपासून जितका दूर तितका बदल मोठा. गडचिरोली वर उजवीकडे रेषेला बिलगून दिसते. कोल्हापूर व सांगली डावीकडे, पण रेषेच्या वर. बीड रेषेच्या पुष्कळ खाली एकटेच. त्याच्या दिशेने पाहू गेल्यास रेषेखाली आणखीही ठिपके आढळतात : जळगाव ८८० वरून ८४२, तत्कालीन अहमदनगर ८८४ वरून ८५२, तत्कालीन औरंगाबाद ८९० वरून ८५८. बाण नेला की नाव दिसते, म्हणून आलेखावर एकही अक्षर दाटी करीत नाही. कोष्टकात मैलभर अंतरावर असलेल्या ओळी येथे शेजारी येतात.

आरंभीच्या सरावानंतर एक पायरी पुढे जाण्याजोगी आहे. एकाच कोठारातून आकडे घेणारे दोन आलेख शेजारी ठेवल्यास, एकात निवडलेले ठिपके दुसऱ्यातही उठून दिसतात. डाव्या आलेखात मुलींचे प्रमाण व उजव्या आलेखात स्त्री-साक्षरता घेऊन, घसरलेल्या जिल्ह्यांना डावीकडे माउसने वेढा घातला, की ते जिल्हे साक्षरतेच्या दृष्टीने कोठे आहेत हे उजवीकडे लगेच दिसते. साक्षरता वाढली की हे प्रमाण आपोआप सुधारते, या समजुतीची परीक्षा वर्गातील विद्यार्थ्यांना स्वतः घेता येईल. कोल्हापूर व सांगलीचे ठिपके त्यांना विचारात पाडतील. निवड करताच नवे हिशेब पायथनकडून करून घ्यावयाचे असतील तर पायथन सतत चालू ठेवणारा सर्व्हर लागतो. ग्रामपंचायत किंवा शाळा यांना त्याची गरज सहसा पडत नाही.

गावपातळीवरील सावधगिरी

जिल्ह्याच्या आलेखाची ही रीत गावाला जशीच्या तशी लावणे धोक्याचे आहे. एखाद्या गावात सहा वर्षांखालील वीस मुलगे व सोळा मुली असतील, तर प्रमाण ८०० येते. पुढील वर्षी मुलग्यांची संख्या तीच राहून दोन मुली वाढल्या की ते ९०० होते. या शंभराच्या उडीत कोणाचा पराक्रम नाही आणि आधीच्या ८०० मध्ये कोणाचा अपराध सिद्ध होत नाही. लहान संख्यांचे प्रमाण असेच हेलकावे खाते. गावांच्या आलेखात म्हणूनच चौकटीमध्ये प्रमाणाबरोबर मुलगे व मुली यांची प्रत्यक्ष संख्या अवश्य द्यावी, आणि शक्य तेथे पाच वर्षांची बेरीज घेऊन प्रमाण काढावे. एवढी काळजी न घेता काढलेल्या आलेखावरून गावांची क्रमवारी लावणे अन्यायाचे होईल.

दुसरी सावधगिरी अधिक गंभीर आहे. संवादी आलेखाच्या फाइलमध्ये कोठारातील सर्व स्तंभ लिहिले जातात, चौकटीत न दाखविलेलेसुद्धा. लाभार्थ्यांचे कोष्टक तसेच कोठारात घातले आणि आलेखात केवळ गावनिहाय संख्या दाखविली, तरी नावे, दूरध्वनी क्रमांक व आधार क्रमांक फाइलच्या पोटात राहतात; थोडी माहिती असलेला कोणीही ते काढून वाचू शकतो. छापील आलेखात हा धोका नव्हता. आलेखाला लागणारे स्तंभ तेवढे वेगळे काढून, व्यक्तींच्या नोंदींची गावनिहाय बेरीज करूनच पुढे जावे. ही सूचना कनिष्ठ कर्मचाऱ्यावर सोपवून अधिकाऱ्याने मोकळे होऊ नये. फाइल प्रसृत करण्यापूर्वी त्याने स्वतः पडताळणी करावी.

आलेखाच्या मांडणीविषयी एकच नियम सांगण्यासारखा आहे. ठिपक्यांच्या आलेखात पट्टी ७८० पासून सुरू केली तर चालते, कारण तेथे स्थान पाहावयाचे असते. स्तंभालेखात पट्टी शून्यापासूनच हवी. तेथे डोळा उंची मोजतो, आणि ८०० पासून काढलेल्या स्तंभांत ८०७ हा आकडा ८६३ च्या नवव्या हिश्श्याएवढा दिसतो. आणखी असे की प्रत्येक आकड्यासाठी संवादी आलेख करण्याच्या भरीस पडू नये. तीन आकडे सांगावयाचे असतील तर एक वाक्य पुरते. अहवाल छापला जाणार असेल तर कागदावर बाण नेता येत नाही, तेथे महत्त्वाच्या चार-पाच जिल्ह्यांची नावे आलेखावरच लिहावी लागतात.

बीडचा ठिपका खाली आहे हे आलेख दाखवितो, तो का खाली आला हे सांगत नाही. गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली देशात प्रथम केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला. त्यानंतरच्या दशकांत एकाच राज्यात, एकाच कायद्याखाली, एक जिल्हा चढतो व दुसरा कोसळतो, हा प्रश्न आलेख पाहणाऱ्याच्या पुढ्यात ठेवतो. उत्तरासाठी सोनोग्राफी केंद्रांच्या नोंदी, तालुक्यांच्या जन्मनोंदणीची पुस्तके आणि गावातील माणसे यांच्याकडेच जावे लागते. कोणत्या तालुक्यात प्रथम जावे, एवढे मात्र आलेखाने कळते, कारण जिल्ह्यांच्या जागी तालुक्यांचे कोष्टक ठेवले की तीच आज्ञावली चालते.

२०२१ मध्ये अपेक्षित असलेली जनगणना होऊ शकली नाही. पुढील जनगणनेसाठी महाराष्ट्रासह देशाच्या बहुतेक भागाकरिता १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक केंद्र शासनाने २०२५ मध्ये अधिसूचित केला. तिचे आकडे प्रसिद्ध झाल्यावर वरील कोष्टकात एका स्तंभाची भर पडेल, आणि उभ्या अक्षासाठी २०११ च्या ठिकाणी त्या नव्या स्तंभाचे नाव लिहावे लागेल. जिल्ह्यांच्या सीमांचा हिशेब तोपर्यंत करून ठेवला असेल, म्हणजे पालघर व ठाणे यांचे २०११ चे आकडे तालुकानिहाय बेरजेने वेगळे केले असतील, तर बीडचा ठिपका कोठे सरकला हे आकडे हाती आल्याच्या दिवशीच पाहता येईल.